बारावीनंतर बी.ए. मानसशास्त्र: समुपदेशक व्हायचं म्हणून घेत असाल तर थांबा

तळटीप
बारावीचे निकाल लागले की हा प्रश्न हमखास येतो: "मुलीला काउन्सेलर व्हायचंय, सायकॉलॉजी घेऊ का?" माझं मत: एवढ्यासाठीच घेणार असाल तर नको. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' (मनोविकारांची तपासणी आणि मानसोपचार करणारा तज्ज्ञ) म्हणून काम करायला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. आजवरची वाट अशी: तीन वर्षं बी.ए., दोन वर्षं एम.ए., दोन वर्षं एम.फिल. झाली सात वर्षं, तीही प्रत्येक वळणावर प्रवेश मिळाला तर. त्यात यूजीसीने एम.फिल.च बंद केलं आणि या विषयाला जेमतेम २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली. परिषदेने चार वर्षांची क्लिनिकल सायकॉलॉजीची बी.एस्सी. ऑनर्स आणली आहे, पण कोपऱ्यावरच्या कॉलेजातली बी.ए. म्हणजे ती नव्हे. प्रवेशाच्या टेबलावर हा फरक कोणी सांगत नाही.

उंबरठा
असहमत. पदवीला परवान्याच्या मापाने मोजायचं तर अर्थशास्त्र आणि इतिहासही बंद करा. एचआर, बालशिक्षण, युजर रिसर्च, सर्वेक्षण संस्था, सगळीकडे ही मुलं लागतात.

तळटीप
लागतात, पण पुढे एम.ए. किंवा एमबीए केलेली. नुसत्या बी.ए.वाल्याला त्याच खुर्चीसाठी कॉमर्सच्या मुलाशी झुंजावं लागतं.

सरासरी_विचलन
दोघंही मुद्द्याला बगल देताय. पदवीची किंमत प्रात्यक्षिकं आणि संख्याशास्त्र यांवर ठरते, आणि नेमकं तेच अनेक ठिकाणी पाट्या टाकून उरकलं जातं.

म्युलर-लायरचा दृष्टिभ्रमाचा प्रयोग घ्या: दोन रेषा सारख्याच लांबीच्या, पण टोकांच्या खुणांमुळे एक मोठी भासते. बाणाची टोकं असलेली रेषा आणि पिसं असलेली रेषा प्रयुक्ताने (ज्याच्यावर प्रयोग होतो त्याने) समान करायची. निम्म्या वेळा सरकती रेषा लहानापासून वाढवत न्यायची, निम्म्या वेळा मोठीपासून कमी करत. शिवाय निम्म्या वेळा ती डावीकडे, निम्म्या वेळा उजवीकडे. हे केलं नाही तर हात सरकवण्याच्या दिशेची आणि जागेची चूक भ्रमातच मिसळते आणि आलेला आकडा कशाचा, ते कळत नाही. जर्नल मात्र सीनियरचं उतरवलेलं असतं. ते ओळखताही येतं: सगळ्या प्रयत्नांत एकसारखे आकडे आणि प्रमाण विचलन शून्याच्या आसपास. काही पठ्ठे तर "प्रयुक्ताला भ्रम आधीच माहीत होता, म्हणून चूक शून्य" असं लिहितात. भ्रम माहीत असल्याने तो जात नाही, हीच तर या प्रयोगाची गंमत!

उंबरठा
हे पटलं. पण मग दोष कॉलेजचा, पदवीचा नाही.

सरासरी_विचलन
अभ्यासक्रमाचाही आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे मित्रमंडळींत फिरवलेला गूगल फॉर्म, ३० मुलं, ३० मुली आणि एक टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासरींची तुलना. मध्यम आकाराचा फरक खरोखर असला तरी एवढ्या नमुन्यात तो सापडण्याची शक्यता पन्नास टक्क्यांहूनही कमी. ८० टक्के हवी तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. मग 'सिग्निफिकंट' (फरक निव्वळ योगायोगाचा नसावा असं दाखवणारा निकाल) आलं नाही की प्रकल्प फसला असं समजून गृहीतकच मागाहून बदलतात. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत तसा निष्कर्ष आला. त्या पडझडीमागे याच सवयी होत्या, आणि आपण त्या विशीतच लावतोय.

शाई_संपली
आणि विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलेला १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंग-प्रयोग अजूनही 'परिस्थिती माणसाला क्रूर बनवते' याचा पुरावा म्हणून पाठ करून घेतात. पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या, हे उत्तरपत्रिकेत लिहिलं तर गुण कापतील की काय, ही भीती वेगळीच.

तळटीप
माझा मुद्दा यानेच पक्का होतो. विषय उत्तम आहे, पण पालक ज्यासाठी पैसे भरतात ते या तीन वर्षांत मिळत नाही. 'दूरस्थ करून टाकू' हाही मार्ग उरलेला नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने दूरस्थ आणि ऑनलाइन मानसशास्त्राला मनाई केली आहे.

उंबरठा
ती मनाई मला योग्यच वाटते. प्रात्यक्षिकाशिवाय पदवी देणं बंद झालं, त्यात वाईट काय? आणि परवान्याचा एवढा बाऊ करताय, तर आरसीआय कायद्यात बिननोंदणी व्यवसायाला दंड किती ते वाचा: एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! १९९२ चा कायदा आहे. म्हणून तर आठवड्याभराच्या सर्टिफिकेटवर गल्लोगल्ली 'थेरपिस्ट' झालेत. त्यांच्यापेक्षा तीन वर्षं मापन आणि विकृतिमानसशास्त्र शिकलेली मुलगी केव्हाही बरी.

तळटीप
बरी, पण दारावर पाटी लावायची नाही तिनेही.

सरासरी_विचलन
घ्यायचंच ठरलं असेल तर प्रवेशाआधी कॉलेजात तीन गोष्टी विचारा. प्रात्यक्षिकाच्या एका तुकडीत किती मुलं? पंधरा-वीसच्या वर असतील तर प्रत्येकाला प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त दोन्ही होता येत नाही. संख्याशास्त्र कोणत्या सत्रात? प्रकल्पानंतर असेल तर काही उपयोग नाही. आणि मानसशास्त्रीय चाचण्यांचं कपाट उघडून दाखवा म्हणावं. मॅन्युअल मूळ आहे की झेरॉक्स, भारतीय मानकं (गुणांची तुलना करायला इथल्या लोकांवरून काढलेले आकडे) आहेत की नाहीत, उत्तरपत्रिका यंदाच्या की पिवळ्या पडलेल्या, सगळं तिथेच दिसतं.

शाई_संपली
कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हेही विचारा. बऱ्याचदा ती रजेवर असलेल्या मॅडमकडे असते.