मदत हवी आहे: 'कोणाला सांगणार नाही' असं मुलाला म्हणून बसले, आता काय करू?

नमस्कार. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात आमचं युवा केंद्र आहे. पंचायतीने दिलेल्या दोन खोल्या, तीन कॅरम बोर्ड, एक पुस्तकांचं कपाट. संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं. मी दीड वर्ष तिथे यूथ वर्कर आहे. समाजकार्याचं शिक्षण नाही, बी.कॉम. झाले आहे, जे शिकले ते मुलांमध्ये राहूनच. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की केंद्रात कॅरम मागे पडतो आणि घुमटं, म्हणजे आरतीला वाजवायची चामडं लावलेली मातीची वाद्यं, बाहेर निघतात. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी ते विस्तवाजवळ धरून तापवावं लागतं. गेल्या आठवड्यात बाकीचे आत आरतीचा सराव करत होते आणि हा मुलगा पडवीत घुमट तापवत बसला होता. वय १६, अकरावीत. मी शेजारी बसले तर खाली बघूनच म्हणाला, "ताई, एक सांगतो, पण कोणाक सांगू नका." मी लगेच म्हटलं, "नाही सांगणार, बोल."

इथेच चुकले, असं आता वाटतं.

गावातल्या एका मोठ्या मुलाने त्याला क्रिकेटवर ऑनलाइन पैसे लावायला आयडी काढून दिला. सुरुवातीला जिंकला, मग हरत गेला. त्याच मुलाकडून ६ हजार उसने घेतले, हजाराला आठवड्याचे शंभर व्याज. ते फेडायला आईच्या मोबाइलवरून ३ हजार काढले. आईने ते चवथीसाठी साठवले होते. आता तो मोठा मुलगा म्हणतोय, पैसे नाही दिलेस तर पोलिसांत जाईन आणि तुझ्या बापाला सांगेन.

बापाला सांगेन ही धमकी का लागते तेही लिहिते. वडिलांचा खाणीवर ट्रक होता. २०१२ त खाणी बंद पडल्या, बँकेचे हप्ते थकले, ट्रक गेला. हा तेव्हा अगदी लहान. घरात कर्ज हा शब्द निघाला की जेवणं थांबतात, असं त्यानेच सांगितलं.

केंद्रप्रमुखांना नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, "आईला फोन कर आणि मोकळी हो." पण मी मोकळी होऊन त्याचं काय होणार? आमच्याकडे एकदा असं झालं आहे. एका मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी घरी पोचली, ती परत आली नाही, आणि तिच्या मैत्रिणीही हळूहळू यायच्या बंद झाल्या. दुसरीकडे, गप्प बसले तर व्याज वाढतंय. चार दिवस तो केंद्रात आलेला नाही. शब्द दिला आहे, तो मोडू की पाळू? आणि मोडायचाच असेल तर कसा?

प्रतिसाद १
मडगावात वस्तीतल्या मुलांबरोबर बरीच वर्षं काम केलं आहे, त्यावरून लिहितो. शब्द मोडायचा तर आधी त्याच्यापाशीच मोड. आईला परस्पर फोन नको. त्याला गाठ आणि स्वच्छ सांग की मी घाईत कबूल केलं, ते माझं चुकलं. तुला त्रास होत असताना मला हे एकटीला ठेवता येणार नाही. मग कोणाला सांगायचं, कधी, आणि कोण बोलणार, हे त्याला ठरवू दे. सांगायचं की नाही, हे मात्र आता त्याच्या हातात नाही.

आज भेटशील तेव्हा एक सरळ विचार: जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का? विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर थांबायचं नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना त्याच क्षणी सांगायचं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मुलांसाठी १०९८ आहे.

आणि पुढच्यासाठी: मूल "सांगू नका" म्हणालं की आमचं उत्तर ठरलेलं असायचं. "तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल, कोणी तुला त्रास देत असेल, तर मला सांगावं लागेल. पण तुला कळल्याशिवाय नाही." हे भिंतीवर लिहून ठेव. लैंगिक अत्याचाराचं असेल तर आपल्याला निवडच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. बोलणं झालं की तारीख घालून चार ओळी लिहून ठेव, कुलपात.

प्रतिसाद २
वकिली करते, म्हणून एवढंच. १८ वर्षांखालच्या मुलाशी केलेला उसनवारीचा करार १८७२ च्या करार कायद्यानुसार मुळातच रद्द ठरतो. ते ६ हजार कोर्टातून वसूल होणार नाहीत. शिवाय पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पोलिसांत जायची भीती आयडी देणाऱ्याने बाळगायची. हे मुलाला आजच सांगा, त्याची झोप परत येईल. धमक्यांचे मेसेज पुसू नका.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल त्याच्या बसस्टॉपवर थांबले. प्रतिसाद १ मधलं वाक्य जवळजवळ तसंच म्हटलं. आधी रागावला, दोन बस जाऊ दिल्या. जिवाचं विचारलं तर नाही म्हणाला, माझ्याकडे बघून म्हणाला, त्यामुळे विश्वास बसला. कराराचं सांगितलं तेव्हा त्याने तेच तीनदा विचारलं, "म्हणजे तो काय करू शकना?"

वडिलांना आत्ता नको, आधी आई, असं त्याने ठरवलं. आई मारेल का, म्हणून विचारलं. म्हणाला, "मारची ना. रडटली." (मारणार नाही, रडेल.)

रविवारी दुपारी आम्ही तिघं त्यांच्या घरी बसतोय. अशी बैठक कोणी घेतली असेल तर एवढं सांगा: पहिलं वाक्य मी बोलू, की कितीही वेळ लागला तरी त्यालाच बोलू देऊ?