मदत हवी आहे: आयर्न मेडनच्या नेबवर्थ कॉन्सर्टसाठी नाशिकहून कोणी जातंय का?

मंडळी, आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडची पन्नाशीची वर्ल्ड टूर 2025 च्या मे महिन्यात बुडापेस्टला सुरू झाली. 2026 च्या जुलैत बँड इंग्लंडमध्ये नेबवर्थला वाजवणार आहे आणि आमच्या काकांनी तिथे जायचं मनावर घेतलंय. वय 61, गुडघे कुरकुरतात, पण 2008 च्या मुंबईच्या शोबद्दल विचारलंत तर तासभर सुटका नाही. शिवाय या टूरमध्ये फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, म्हणजे 1980 ते 1992 ची गाणी. काकांच्या कॅसेटी नेमक्या त्याच काळातल्या! निको मॅकब्रेन आता ड्रम्सवर नाही, एवढीच त्यांची तक्रार.

आता अडचण. यूकेच्या व्हिजिटर व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, कॉन्सर्टचं तिकीट मात्र त्याच्या कितीतरी आधी घ्यावं लागतं. व्हिसा नाकारला तर तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं का? कोणी केलंय? पेन्शनर माणसाने बँक स्टेटमेंटसोबत आणखी काय जोडावं? बायोमेट्रिक्सला (व्हिसासाठी बोटांचे ठसे, फोटो द्यायला) पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन संध्याकाळी परत येणं जमतं का, की मुक्काम करावा?

आणि मुख्य म्हणजे, शो संपल्यावर रात्री लंडनला परतायचं कसं? नेबवर्थजवळच्या स्टीव्हनेजमध्येच राहिलेलं बरं का? एवढ्या गर्दीत त्यांना एकटं सोडायचा धीर होत नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडचं कोणी जाणार असेल तर कृपया मेसेज करा. काका सोबतीला उत्तम आहेत, फक्त गाणं चालू असताना बोलू नका.