कडबाकुट्टीच्या आवाजाचा ड्रोन (लांब, सलग सूर) होईना

लातूरकर: गोठ्यातल्या कडबाकुट्टीचा आवाज मोबाईलवर घेतला. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरात पॉलस्ट्रेचनं (आवाज खूप लांबवणारा इफेक्ट) पन्नासपट ताणला, तर नुसता वारा ऐकू यायलाय. खटखट बी गेली, पात्याची किणकिण बी. काय चुकायलंय?

परभणीचा: पॉलस्ट्रेच ठोके विरघळवतोच की. मोटर बंद केल्यावर चाक फिरत थांबतं, ती घरघर तेवढी कापून ताण. खटखट पाहिजे तर ग्रॅन्युलर पद्धत घे, म्हणजे आवाजाचे 50-80 मिलिसेकंदांचे कण करून ते जोडायचे.

जुना टेपवाला: फ्रेंच संगीतकार पिएर शेफरनं 1948 मध्ये रेल्वेचे आवाज घेऊन रचना केली. कडबाकुट्टीनं काय घोडं मारलंय?

लातूरकर: घरघर ताणली, जमलं! मधीच म्हैस हंबरली, ती ठेवली. आई विचारायली, पंखा बिघडला का रे?