मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या वर्क लाईट पिवळ्या पडल्यात, एलईडी टाकू का?

रातचं_काम
नमस्कार मंडळी, माझा २७ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, मागे रोल बारवर (सीटच्या मागचा पाईपचा उभा दांडा) कंपनीच्याच दोन हॅलोजन वर्क लाईट आहेत ५५-५५ वॅटच्या. गेल्या आठवड्यात रात्री रोटर (माती बारीक करणारं फिरत्या पात्यांचं अवजार) मारताना डावी गेली, आणि उजवी आधीपासूनच पिवळी जळतेय, म्हणजे रोटर दिसतो पण त्याच्या मागे माती किती बारीक होतेय ते काही कळत नाही, प्रत्येक फेरीला उतरून मोबाईलच्या टॉर्चने बघायचं. अर्ध्या तासानंतर डॅशबोर्डवरच्या स्विचला बोट लावलं तर चांगलाच गरम लागतो.

आता दोन काढून चार एलईडी टाकायचा विचार आहे, दोन मागे दोन पुढे. ४८ वॅटच्या बघितल्यात. छोट्या ट्रॅक्टरचा ऑल्टरनेटर (इंजिनवर चालून वीज बनवतो तो) चार लाईट ओढेल का? का नुसते बल्ब काढून त्याच डोममध्ये एलईडी बल्ब टाकले तर चालतील? आणि पुढच्या दोन नक्की कुठे बसवायच्या? पुढचे हेडलाईट बॉनेटमध्ये खाली आहेत, लोडरचं बकेट उचललं की समोर अंधार.

वायरिंगवाला
दादा काहीही मागवायच्या आधी मल्टीमीटर घ्या आणि जी लाईट चालू आहे तिचं व्होल्टेज बघा. हॅलोजन पिवळी जळते म्हणजे बहुतेक वेळा तिच्यापर्यंत करंट नीट पोचत नाही, बल्बचा दोष नसतोच. पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद, हँडब्रेक ओढून इंजिन चालू ठेवा, लाईट लावा, आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज घ्या मग लाईटच्या मागच्या दोन पिनांवर घ्या. फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, त्याच्या वर गेला तर वाटेत कुठेतरी खातंय.

कुठे खातंय तेही सापडतं. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि लाल प्रोब लाईटच्या अर्थच्या वायरला, लाईट चालूच ठेवून. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज नुसत्या अर्थिंगमध्ये जातंय. रोल बारवरच्या लाईटचा अर्थ बऱ्याचदा ब्रॅकेटच्या बोल्टमधूनच घेतलेला असतो, खाली रंग, बिजागराला गंज, मग येणार कुठून करंट.

हॅलोजनचं गणित फार वाईट असतं बघा, व्होल्टेज १०% पडलं की उजेड जवळपास ३०% पडतो.

ऑल्टरनेटरची काळजी करू नका पण त्याच्या प्लेटवर अँपिअर किती लिहिलेत ते एकदा वाचा. आत्ताच्या दोन हॅलोजन मिळून ११० वॅट म्हणजे ९ अँपिअरच्या वर ओढतात. खऱ्या २० वॅटच्या चार एलईडी लावल्या तरी ८० वॅट, ६ अँपिअरच्या आसपास. लोड कमीच होतोय तुमचा.

मागे_बघून_चालवते
ताई बोलतेय, मी रात्रीच चालवते जास्त, दिवसा उन्हात फवारणी करता येत नाही म्हणून. वायरिंगचं वरच्या भाऊंनी सांगितलंय, मी उजेडाचं सांगते कारण माझ्या पहिल्या लाईट त्याच्यामुळेच वाया गेल्या.

मागे स्पॉट बिलकुल घेऊ नका, फ्लड घ्या, म्हणजे रुंद पसरणाऱ्या उजेडाची. स्पॉटचा झोत लांब जातो पण अरुंद, रोटरच्या मधोमध पांढरा गोल पडतो आणि दोन्ही कडा काळ्याच राहतात, आणि आपल्याला तर कडच बघायची असते, मागची फेरी कुठे संपली ती. आणि उजेड फार पांढरा निळसर नको. मी ६५०० केल्विनच्या घेतल्या होत्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, जास्त तेवढा निळसर), धूळ उडाली की समोर पांढरा पडदा, डोळे दुखायचे आणि ओली माती कुठली सुकी कुठली काही ओळखू यायची नाही. आता ४००० च्या आसपासच्या आहेत, मातीचा रंग मातीसारखा दिसतो. किडेपण कमी येतात, निळ्या उजेडाला ते जास्त ओढले जातात.

पुढच्या दोन रोल बारवर डोक्याच्या मागून पुढे मारू नका. बॉनेटवर उजेड पडून सगळा डोळ्यात येतो आणि तुमची स्वतःची सावली समोर पडते. माझ्या मडगार्डच्या पुढच्या कडेला आहेत, बाहेरच्या बाजूला, थोड्या खाली झुकवून, म्हणजे बॉनेट आणि लोडरचे दांडे दोन्ही बाजूंनी चुकतात. बसवायच्या आधी लाईट हातात धरून रात्री कुणालातरी सीटवर बसवा आणि लाईट हलवून बघा, बकेट खाली असताना आणि वर असतानापण. जागा ठरली की मगच ब्रॅकेट.

नटबोल्ट
दोन गोष्टी सांगायच्यात, पहिली जास्त महत्त्वाची.

रोल बारला भोक पाडू नका आणि वेल्डिंग तर अजिबात करू नका. ट्रॅक्टर उलटला तर तो पाईपच तुम्हाला वाचवणार आहे, ज्या ठिकाणी भोक पाडलं किंवा वेल्डिंगने तापवलं तिथूनच तो वाकणार. यू बोल्ट किंवा पाईपचे क्लॅम्प मिळतात, मध्ये रबराची पट्टी घाला, नट नायलॉकचे (आत नायलॉनची रिंग असलेले, सैल न होणारे) लावा नाहीतर चार दिवसांत थरथरून लाईट आकाशाकडे बघेल. रोल बार घडीचा असेल तर बिजागरापाशी वायरला सैल वळसा ठेवा आणि एकदा घडी घालून, उघडून, वायर चिमटत नाही ना ते बघा.

दुसरं, डोममध्ये एलईडी बल्ब टाकायचं राहू द्या. तो रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेच्या हिशोबाने बनवलेला असतो, एलईडीचा उजेड त्या जागेवरून निघत नाही, मग झोत फुटतो. शिवाय बंद डोममध्ये एलईडीची उष्णता बाहेर जायला वाट नाही. अख्खं युनिट बदला, मागे अॅल्युमिनियमच्या पंख्या असलेलं. आणि वॅटवर विश्वास ठेवू नका हो. माझ्याकडे ४८ वॅट छापलेली एक आली होती, मीटर सिरीजमध्ये लावला तर १.४ अँपिअर, म्हणजे धड १८ वॅटची. चालते ती अजून, पण ४८ ची नाही.

वायरिंगवाला
नटबोल्ट भाऊ रोल बारचं बरोबर बोललात.

दादा, रिले टाका, म्हणजे लाईटचा मोठा करंट स्विचमधून न जाता रिलेमधून जातो, स्विच फक्त रिलेला चालू-बंद करतो. बॅटरीच्या प्लसवरून निघाल्याबरोबर वीतभर अंतरात फ्यूज, १० अँपिअरचा पुरे, मग रिलेची ३० नंबरची पिन, ८७ वरून लाईटला. ८६ ला स्विचमधून करंट, तो चावीनंतरचा घ्या म्हणजे चावी काढली की लाईट बंद आणि सकाळी बॅटरी झोपलेली सापडणार नाही. ८५ अर्थला. वायर २.५ स्क्वेअर एमएमची, प्लसचीच नाही तर अर्थचीपण, आणि ती थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. कामाला हात घालायच्या आधी बॅटरीची मायनस केबल काढा.

नटबोल्ट
एलईडीला रिले कशाला पण? ६ अँपिअर तर आहेत, १० अँपिअरचा चांगला स्विच ते सहज घेतो. जेवढे जास्त जोड तेवढे जास्त बिघाड.

वायरिंगवाला
नवा स्विच असेल तर पटतं. पण दादांचा स्विच आधीच तापून निघालाय, आतले पॉइंट काळे झाले असणार. आणि एलईडीच्या आत ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) असतो, व्होल्टेज कमी मिळालं की उजेड तेवढाच ठेवायला तो करंट जास्त ओढतो, म्हणजे खराब जोड असला तर लाईट छान दिसते आणि जोड आतल्या आत तापत राहतो, हॅलोजनसारखी पिवळी पडून सांगत नाही. म्हणून मी जुन्या वायरिंगवर नुसती एलईडी जोडायच्या विरोधात आहे.

रातचं_काम
सगळ्यांचे आभार, मोजून आलो. बॅटरीवर १३.८ आणि लाईटवर ११.६! मग अर्थचं बघितलं, १.३ व्होल्ट एकट्या अर्थमध्ये. ब्रॅकेटचा बोल्ट काढला तर खाली रंगाचा थर तसाच आणि वॉशरभोवती लाल गंजाची पूड. सॅंडपेपरने घासून लखलखीत केलं, परत लावलं, लाईट लगेच पांढरी झाली, माझा विश्वासच बसेना. डाव्या लाईटचा बल्बच गेलाय, फिलामेंट तुटलेली दिसतेय.

आता प्रश्न असा की एलईडी घेऊ का नवा हॅलोजन बल्ब टाकून राहू देऊ?

मागे_बघून_चालवते
मागच्या एलईडी घ्याच. रोटर मारताना जी थरथर बसते त्यात फिलामेंट टिकत नाही, परत तुटणार. तोपर्यंत काम अडत असेल तर हॅलोजन टाका, फक्त बल्बच्या काचेला बोट लावू नका, हाताचं तेल लागलं तर तिथे जास्त तापून काच लवकर जाते. कापडाने धरा.

घेताना आयपी ६७ तरी बघा, आयपी म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा. ट्रॅक्टर प्रेशरने धूत असाल तर ६९के लिहिलेलं घ्या, तरीपण नोझल जवळ नेऊन लाईटच्या कडेवर मारू नका. आणि मागच्या लाईटचा स्विच वेगळा ठेवा हो, रस्त्याला लागताना बंद करता आला पाहिजे, मागून येणाऱ्याला काही दिसत नाही त्या उजेडात.

नटबोल्ट
एक राहिलं, रेडिओ ऐकत असाल तर एलईडी लावल्यावर एफएममध्ये खरखर येते का बघा. ती त्या ड्रायव्हरची असते. फेराइटची क्लिप मिळते, लाईटच्या अगदी जवळ वायरवर बसवायची, वायरचा एक वेढा तिच्यातून घ्या. स्वस्त लाईटला कधीकधी त्यानेही जात नाही.

रातचं_काम
मग ठरलं, मागे दोन फ्लड ४००० च्या आसपासच्या, नवी वायर आणि अर्थ थेट बॅटरीपर्यंत, स्विचपण नवा आणि रिलेपण टाकतो. पुढच्या दोन आत्ताच नाही घेत, आधी ताईंनी सांगितलं तसं एक हातात धरून रात्री मडगार्डवर फिरवून बघतो, भाचा सीटवर बसेल. क्लॅम्पसाठी रोल बारचा पाईप मोजायला चाललोय.