वस्तीतल्या दवाखान्यात पेशंटची तंबाखू सोडवायला नेमकी मदत कशी करायची?

वस्तीतली_सिस्टर

नमस्कार सगळ्यांना. मी पुण्यात एका वस्तीतल्या ट्रस्टच्या दवाखान्यात नर्स आहे, तीन वर्षं झाली. केसपेपर दहा रुपये, सकाळच्या ओपीडीला साठ-सत्तर पेशंट असतात, बिगारी, रिक्षावाले, धुणीभांडी करणाऱ्या आणि कचरा वेचणाऱ्या बाया. बीपी-शुगरला येतात तेव्हा तंबाखूचं विचारतेच. पुरुष लगेच हो म्हणतात, बायका नाही म्हणतात आणि तोंड उघडलं की हिरड्या काळ्या.

डॉक्टर सांगतात सोडा, नाहीतर कॅन्सर होईल, पेशंट "होय साहेब" म्हणतो आणि खाली उतरून जिन्यापाशीच मळायला घेतो. मला राग नाही येत त्याचा, वाईट वाटतं, कारण आम्ही त्याला दुसरं काही दिलेलंच नसतं. मागच्या आठवड्यात एक बिगारी म्हणाला, "सिस्टर, सकाळी चहा नि तंबाखू झाली की दुपारच्या दोनपर्यंत भूक लागत नाही, सोडली तर दोन डबे न्यावे लागतील, दुसरा कुठून आणू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मध्ये देणगीतून निकोटिनच्या गोळ्या (चघळायच्या, गम) मिळाल्या होत्या, आठ जणांना दिल्या. सहा जणांनी दोन दिवसांत बंद केल्या, उचक्या लागतात, घसा जळतो म्हणून. दोघांना चांगला फरक पडत होता पण साठा संपला, विकत घ्यायला परवडत नाही, दोघंही परत पुडीवर. एका पेशंटला मला जेमतेम तीन मिनिटं मिळतात. त्या तीन मिनिटांत काय करू? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

दातांचा_डॉक्टर_चंद्रपूर

सिस्टर, आमच्याकडे खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटतात आणि माणूस दिवसभर गालात धरून असतो. तुमच्या त्या सहा जणांचं काय झालं ते मी खात्रीने सांगतो, त्यांनी गोळी चिंगमसारखी चावली. तशी चावली की निकोटिन एकदम सुटतं, लाळेबरोबर पोटात जातं, मग उचकी, मळमळ, जळजळ हे होणारच. ती हळू चावायची, जिभेला झिणझिण्या आल्या किंवा तिखट लागलं की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, चव गेली की परत दोन-चारदा चावायची, असं अर्धा तास. चहा आणि गोळीत किमान पंधरा मिनिटं अंतर पाहिजे, नाहीतर औषध नीट लागूच होत नाही. आमच्या लोकांना गालात धरायची सवय असतेच, त्यामुळे "खर्रा धरतो तशी धर" म्हटलं की त्याला लगेच समजते. पहिली गोळी तुमच्यासमोर खायला लावा, घरी पाठवून सांगितलेलं राहात नाही. गरोदर बाई असेल किंवा नुकताच हार्टचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

अजून एक, तुमच्या तीन मिनिटांतलं अर्धं मिनिट तोंड बघायला ठेवा. त्याचीच तीन बोटं उभी करून त्याच्या तोंडात घालायला सांगा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, आतून गाल पांढरट नि कडक लागत असेल तर त्याला थेट दंतविभागात पाठवा, आणि अशा माणसाला गम देऊन उपयोग नाही, जबडाच हलत नाही त्याचा. माझ्याकडे एक पोरगा आला होता, वय बावीस, त्याचं एकच बोट जात होतं, पोळी चुरून खायचा. तो म्हणे तंबाखू कधीच सोडली, आता नुसती सुपारी खातो. तंबाखूऐवजी सुपारी चालते हे लोकांच्या डोक्यातून काढायलाच पाहिजे, तोंड मुख्यतः सुपारीनेच आवळत जातं आणि सुपारीने कॅन्सरही होतो.

आशा_सातारा

सिस्टर ताई, बायका खोटं बोलत नाहीत हो, तुमचा प्रश्न चुकतोय. "तंबाखू खाता का" म्हटलं की ती नाहीच म्हणणार कारण ती खात नाही, ती दात घासते. मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावता का, दिवसातून किती वेळा, असं विचारा, लगेच सांगतील. तीस वर्षांवरच्यांचा सीबॅक फॉर्म (बीपी, शुगर, कॅन्सरचा धोका बघायचा सरकारी फॉर्म) भरायला आम्ही घरोघर जातो ना, मी पण सुरुवातीला फॉर्मवर लिहिलंय तसंच विचारायचे, सगळ्या बायांपुढे नाही अशीच खूण. मग एका घरी गेले तर बाई तव्यावर तंबाखू भाजत बसलेली, घरभर ठसका, बाळ पाळण्यात खोकतंय, आणि तिच्या फॉर्मवर मीच नाही लिहिलेलं. तेव्हापासून प्रश्न बदलला.

त्यांची कारणं पण ऐकून घ्या. दाढ दुखत होती म्हणून सासूने लावायला दिली, इथून सुरू झालेलं असतं. दुसरं म्हणजे मिश्री लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. त्यावर ओरडून काय होणार, दाढेचा इलाज करा आणि पोटाचं सांगा, उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, भाकरीबरोबर पालेभाजी, लागलंच तर आठवडाभर इसबगोल. माझ्या भागातल्या दिवसातून पाच वेळा लावणाऱ्या बाईने आधी दुपारची सोडली, मग रात्रीची, सकाळची सोडायला तिला दोन महिने लागले. सून गरोदर होती, बाळ कमी वजनाचं होऊ शकतं हे कळल्यावर सासूने तवा घासून ठेवला आणि दोघींनी मिळून सोडली. एकटीला जमत नाही, घरात दुसरी लावत असेल तर वासानेच परत हात जातो.

सकाळची_शिफ्ट

मला वाटतं ज्याला सोडायची तो सोडतोच. पुडीला पैसे असतात तर गोळीला का नाही? फुकट दिलं की किंमत राहात नाही.

हमाल_मार्केटयार्ड

दादा, मी बावीस वर्षं खाल्ली आहे म्हणून बोलतो. पुडी रोजची पाच-दहाची असते, ती दिवसाच्या खर्चात बसते, गोळ्यांची पट्टी एकदम घ्यायची म्हणजे हातात तेवढे एकदम लागतात आणि दिवसाला आठ-दहा गोळ्या लागल्या तर हिशोब पुडीच्या कितीतरी वर जातो. मन नाही असं नव्हतं, मी चार वेळा सोडली होती. चारही वेळा पहिल्या आठवड्यातच मोडलं, डोकं जड, झोप नाही, पोरांवर खेकसायचो, बायको म्हणाली खा बाबा एकदाची.

पाचव्या वेळी निभलं कारण दवाखान्यातल्या ताईंनी तिसऱ्या दिवशी फोन केला. मी त्या दिवशी पुडी हातात घेऊन बसलो होतो, खरंच. त्या म्हणाल्या आजचा दिवस सगळ्यात वाईट आहे, उद्यापासून उतरत जाईल, तलफ आली की पाच-दहा मिनिटं काढा, पाणी प्या, जागेवरून उठा. हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं की ते उतरतं म्हणून. मला वाटायचं आता जन्मभर असंच डोकं फिरणार. मग आठव्या दिवशी एक फोन, महिन्याने एक. सिस्टर, तुमच्या बिगाऱ्याला सांगा भाजलेले चणे-फुटाणे खिशात ठेव, सकाळी निघताना शिळी का होईना एक भाकरी खाऊनच नीघ. भूक त्याची खरी आहे, ती तंबाखूने मरत होती एवढंच. आणि चुन्याची डबी घरात ठेवू नको, मी ती ठेवायचो आणि तिथूनच परत सुरू व्हायचं.

समुपदेशक_तंबाखूमुक्ती

हमालदादांनी लिहिलंय तोच आमचा सगळा उपचार आहे, सोडायची तारीख ठरवायची आणि नंतर माणसाला एकटं टाकायचं नाही. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात अवघड, दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तुमच्याकडे फोन करायला माणूस नसेल तर 1800-11-2356 ही सरकारी क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट, मराठीत बोलतात, तंबाखूच्या पाकिटावर हाच नंबर छापलेला असतो. फक्त नंबर चिठ्ठीवर लिहून देऊ नका, पेशंट समोर असतानाच फोन लावून द्या.

गोळ्यांबद्दल, निकोटिनचा उपचार 2022 च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आलेला आहे. तुमच्या ट्रस्टला आणि जिल्ह्याच्या एनसीडी (असंसर्गजन्य आजार) विभागाला लेखी मागणी करा, यादीचा उल्लेख करून. आणि आठ जणांना दोन आठवडे पुरवण्यापेक्षा दोघांनाच पूर्ण बारा आठवडे पुरेल एवढ्या ठेवा, मध्येच तुटलं की माणूस परत जातो आणि त्याला वाटतं दोष आपलाच.

पोस्टरचंही बघा. 2016-17 च्या गॅट्स या तंबाखूच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात 26.6 टक्के मोठी माणसं तंबाखू घेणारी निघाली आणि ओढणारे फक्त 3.8 टक्के. तरी बहुतेक दवाखान्यांच्या भिंतीवर सिगरेटवर फुली मारलेलं चित्र असतं. मिश्रीवाली बाई ते बघून म्हणते हे माझ्यासाठी नाही.

वस्तीतली_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार, मी प्रिंट काढून डॉक्टरांना दाखवलं. आमच्या भिंतीवर पण सिगरेटचंच चित्र होतं, ते काढलं. बीपीच्या वहीत शेवटचा कॉलम रिकामाच असायचा, त्यात आता सोडायची तारीख लिहितोय आणि तिसऱ्या, आठव्या, तिसाव्या दिवशीचा फोन आम्ही दोघी नर्सेसनी वाटून घेतलाय. आशाताई, तुमच्या प्रश्नाने काल एका सकाळीत अकरा बायांनी मिश्री लावतो असं सांगितलं, त्यातल्या चार माझ्या तीन वर्षांच्या जुन्या पेशंट, त्यांच्या पेपरवर मीच "नाही" लिहिलेलं. बिगारी गुरुवारी आला होता, खिशात फुटाणे होते, तारीख सोमवारची ठरलीये. माझा त्याला पहिला फोन बुधवारी, दुपारी दोनच्या जेवणाच्या सुट्टीत कर म्हणालाय.