सम्राटाने जमीन दिली, मग नागरिकत्व का नाही?

चाळीसगावकर:
इथिओपियातल्या शाशामाने गावात जमैकाहून आलेली रास्ताफारी मंडळी (सम्राट हैले सेलासींना देव आणि आफ्रिकेला आपलं मूळ घर मानणारा पंथ) पिढ्यान्‌पिढ्या राहतात. इथिओपियाच्या याच सम्राटांनी स्वतः जमीन दिलेली. तरी तिथं जन्मलेली पोरं परकीयच? आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव चढलं की माणूस गावचा. घोडं अडलं कुठं?

अमळनेरचा मास्तर:
भाऊ, मी हवासाला विद्यापीठात शिकवत होतो. शाशामाने तिथून जेमतेम 25 किलोमीटर. त्या वस्तीला ‘जमैका सफर’ म्हणतात (सफर म्हणजे तिथल्या भाषेत वस्ती, प्रवास नव्हे), फाटकांवर सिंह आणि लाल-पिवळा-हिरवा रंग. तिथल्या एका म्हाताऱ्याशी माझी चांगली गट्टी होती. त्याचा पासपोर्ट कधीचाच संपलेला. पण ‘मी परत आलोय, परदेशी कसा?’ हेच त्याचं पालुपद.

ते सुमारे 500 एकरांचं दान 1948चं. इटलीच्या आक्रमणात इथिओपियाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या परदेशातल्या कृष्णवर्णीयांसाठी. 1966मध्ये सम्राट जमैकाला जाऊन आले आणि येणाऱ्यांचा ओघ वाढला. 1974 साली सम्राटांची गादी गेली, 1975मध्ये नव्या राजवटीनं शेतजमिनी सरकारजमा केल्या. देणाराच गेला, मग दान कोणाला दाखवणार? आणि जमीन दिली होती, नागरिकत्व नाही. तिथं आई किंवा बाप इथिओपियन असेल तरच मूल नागरिक. अर्ज करून घ्यायची वाट आहे, पण दुहेरी नागरिकत्व चालत नाही.

चाळीसगावकर:
जन्म तिथला तरी नाही? हे काही पटत नाही, मास्तर.

अमळनेरचा मास्तर:
आपल्याकडे काय वेगळं आहे? 1 जुलै 1987पासून भारतातही नुसत्या जन्मावर नागरिकत्व मिळत नाही.

अक्कलकुव्याहून:
सातबाऱ्याशी नको, वनहक्क पट्ट्याशी ताडून बघा. जमीन कसता येते, वारसांना जाते, विकता येत नाही. फरक एवढाच की आमच्या पाड्यावरच्या माणसाला पट्टा मिळो न मिळो, मतदान ओळखपत्र त्याच्या खिशात असतं. शाशामानेवाल्यांची दोन्हीकडून पंचाईत.

चाळीसगावकर:
मग आता काहीच नाही का त्यांना?

अमळनेरचा मास्तर:
2017मध्ये सरकारनं त्यांना ओळखपत्रं द्यायचं जाहीर केलं. व्हिसा आणि राहण्याचा परवाना यांची कटकट त्यानं सुटते, नागरिकत्व मात्र नाही. घानाचं बघा, तिथं 2000च्या कायद्यात आफ्रिकी वंशाच्या परदेशस्थांना कायम राहण्याचा हक्क आहे, आणि 2019मध्ये 126 जणांना थेट नागरिकत्व दिलं. पण माझ्या म्हाताऱ्याला घाना सांगून उपयोग नव्हता. त्याला इथिओपियाच हवा होता.