मदत हवी आहे: कोवलमला सर्फिंगसाठी राहायचं कुठे? सर्फ कॅम्प, होमस्टे की हॉटेल?

मांजलपूरकर
दिवाळीच्या सुट्टीत कोवलमला सर्फिंग शिकायला जायचं ठरतंय, आठवडाभर. नेटवर तीन प्रकार दिसतात: सर्फ कॅम्प (राहणं, जेवण, शिकवणी, लाटेवर उभं राहायची फळी म्हणजे बोर्ड, सगळं एकत्र), समुद्राजवळचे होमस्टे आणि नेहमीची हॉटेलं. दरांचा काही ताळमेळ लागत नाही. कॅम्पचा दर माणशी, हॉटेलचा खोलीमागे, होमस्टेवाले म्हणतात फोन करा. डोकं भणाणून गेलंय. जे जाऊन आलेत त्यांनी सरळ सांगा काय घ्यावं. गाड्या भरत चालल्यात, आज-उद्यात बुकिंग करायचंय.

पाणीपक्षी
कोणतं कोवलम? केरळातलं की चेन्नईजवळचं?

खारा_वारा
डोळे मिटून सर्फ कॅम्प घ्या. शिकणाऱ्याला दुसरा पर्याय नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने सरकते, त्यामुळे उद्या किती वाजता पाण्यात उतरायचं हे शिकवणारे आदल्या रात्री ठरवतात. कॅम्पात राहिलात तर ते दार वाजवून उठवतात. लांब राहिलात तर सकाळची चांगली वेळ रिक्षा शोधण्यात जाते.

वाडीतली
कोण कोण जाणार आहात ते लिहिलंच नाहीत. एकटे असाल तर कॅम्प ठीक. कुटुंब असेल तर अजिबात नाही. बऱ्याच कॅम्पात दुमजली पलंगांच्या सामाईक खोल्या असतात, संडास-बाथरूम सामाईक. आम्ही होमस्टेत राहून शिकवणी वेगळी लावली होती, उत्तम झालं.

मांजलपूरकर
केरळ की तमिळनाडू, याने राहण्याच्या प्रकारात काय फरक पडतो? मी राहण्याबद्दल विचारतोय.

पाणीपक्षी
खूप फरक पडतो, म्हणून तर विचारलं. चेन्नईजवळचं कोवलम (इंग्रजीत कोव्हलाँग लिहितात) हे शहराच्या दक्षिणेला ४० किलोमीटरच्या आसपास, ईस्ट कोस्ट रोडवर आहे. मूळचं कोळ्यांचं गाव. तिथे सर्फिंग शाळांच्या आजूबाजूलाच राहण्याची सोय सापडते. पण दिवाळीत तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईचा खरा पावसाळा तोच, चक्रीवादळंही तेव्हाच. पाणी गढूळ आणि समुद्र खवळलेला. आगाऊ पैसे भरून बसलात आणि चार दिवस पाण्यात उतरूच दिलं नाही, तर कॅम्प काय नि हॉटेल काय.

केरळातलं कोवलम तिरुवनंतपुरमजवळ. लाइटहाउस बीचवर हॉटेलं अगदी वाळूपर्यंत आलेली आहेत, तिथे हॉटेलही चालून जातं. केरळातच पुढे उत्तरेला वर्कला आहे, तिथे मात्र बहुतेक सगळं कड्यावर. वरून समुद्र सुरेख दिसतो, पण पायऱ्या उतरून खाली जायचं आणि दमून परत चढायचं. नवशिक्याचा बोर्ड आठ-नऊ फुटी असतो, तो काखेत मारून कडा चढणं म्हणजे शिक्षा. तिथे राहायचं तर बोर्ड खाली किनाऱ्यावरच ठेवून घेणारी शाळा आधी शोधा.

जुना_बडोदेकर
इतक्या लांब जायचं कशाला? आपल्या गुजरातेत द्वारकेजवळ शिवराजपूर आहे. २०२० साली ब्लू फ्लॅग मिळाला. द्वारकाधीशाचं दर्शनही होतं. मुलं खूष, म्हातारी माणसं खूष.

खारा_वारा
काका, ब्लू फ्लॅग पाण्याची स्वच्छता आणि किनाऱ्यावरच्या सोयींसाठी मिळतो. त्याचा लाटांशी संबंध नाही. ह्यांना सर्फिंग शिकायचंय.

जुना_बडोदेकर
समुद्र म्हटला की लाटा आल्याच. आम्ही तिथल्या लाटांत मनसोक्त खेळलो आहोत.

तळ्यातमळ्यात
सनस्क्रीन विसरू नका. नेहमीचं पाण्यात टिकत नाही, जाड पांढरं झिंकवालं घ्या. आणि पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा सदरा) हवाच. बोर्डावर पालथं पडून पोट आणि छाती सोलवटते, पहिल्याच दिवशी.

वाडीतली
@मांजलपूरकर, कोण कोण जाणार? पोहता कुणाला येतं?

मांजलपूरकर
केरळ. मी, बायको, सातवीतली मुलगी आणि आई. मला पोहता येतं, मुलगी पालिकेच्या तलावात शिकली, बायकोला येत नाही. सर्फिंग मी आणि मुलगी करणार. आई शाकाहारी, शिवाय चातुर्मासात कांदा-लसूण बंद. आमच्या सुट्टीत कार्तिकी एकादशी येते, तोवर तिचे नियम चालूच असणार. आता तरी सांगा, कॅम्प की होमस्टे?

वाडीतली
अहो, आई बरोबर आहेत हे आधी सांगायचं! मग कॅम्पचा प्रश्नच मिटला. चौघांचे माणशी पैसे भराल, त्यात बोर्ड आणि शिकवणी धरलेली, आणि निम्मी माणसं पाण्यात उतरणारच नाहीत. आईंना दिवसभर कुठे बसवणार? होमस्टेत अंगण असतं, घरातली बाई बोलायला असते, आणि विनंती केली तर कांदा-लसूण न घालता वरण-भात मिळतो.

खारा_वारा
मला अजून पटत नाही. काही कॅम्पात वेगळ्या खोल्या असतात, आणि न शिकणाऱ्यांना निराळा दर लावतात. विचारलं की सांगतात. माझा मुद्दा वेळेचा आहे. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, तेव्हा लाट नीट उभी राहते. अकराच्या सुमाराला तो फिरतो आणि पाणी विस्कटतं. नवशिक्याला हात धरून बोर्डावर उभं करायचं ते सकाळीच. म्हणून किनाऱ्यापासूनचं अंतर पहिलं, बाकी सगळं नंतर.

हॉटेलचं विचाराल तर आमच्या अनुभवाने नको. एका हॉटेलात (नाव घेत नाही) नाश्ता आठला सुरू व्हायचा, आमची शिकवणी साडेसहाला. वाळूच्या पायांनी आत येऊ देईनात, ओले कपडे गॅलरीत वाळत घालायला मनाई. आठवडाभर ओलसर कपडे अंगात चढवले आणि काखेत पुरळ उठलं.

पाणीपक्षी
वारा आणि अंतराबद्दल सहमत. कॅम्प हवाच ह्याच्याशी असहमत. होमस्टे किनाऱ्यापासून चालत जाण्याइतका जवळ असला की वेळेचा प्रश्न सुटतो.

@मांजलपूरकर, घरची मंडळी पाहता कोवलमपेक्षा मुलकीचा विचार करा. कर्नाटकात, मंगळूरच्या उत्तरेला साधारण ३० किलोमीटर. भारतातला पहिला सर्फ क्लब २००४ साली तिथेच सुरू झाला, त्यांचा सर्फ आश्रम (सर्फिंगवाल्यांची राहायची जागा) शाकाहारी आहे. जवळ शांभवी नदी समुद्राला मिळते. नदीचं पाणी संथ, तिथे लाइफ जॅकेट घालून वहिनींना कयाक (वल्ह्याची छोटी होडी) चालवता येईल, पोहता येत नसलं तरी. आणि आईंना उडुपीचा कृष्णमठ. तिथे कांदा-लसणाची काळजीच नको.

मांजलपूरकर
मी कोवलम विचारलं होतं. मुलकी कुठून आली?

पाणीपक्षी
तुमच्या आईंच्या चातुर्मासातून आली. शिवाय कोकण रेल्वेने केरळला जाणाऱ्या गाड्या आपल्या बडोद्यावरून जातात. तुम्ही ज्या गाडीने कोवलमला निघालात त्याच वाटेवर मुलकी अलीकडे लागते. आईंचा तितका प्रवास वाचेल.

जुना_बडोदेकर
गाडीत लीलो चिवडो आणि भाकरवडी पुरेशी घ्या. पॅन्ट्रीचं काही खाऊ नका.

तळ्यातमळ्यात
काका, चातुर्मास पाळणाऱ्यांना भाकरवडी कशी देणार, मसाल्यात बऱ्याचदा लसूण असतो.

जुना_बडोदेकर
आमच्या घरची बिनलसणाची असते. कृती व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

वाडीतली
धागा भरकटवू नका. मुलीबद्दल एक: तलावात पोहणं आणि समुद्रात पोहणं वेगळं. शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी खरं सांगा. सुरुवातीला कमरेइतक्या पाण्यात, फुटलेल्या लाटेच्या फेसात शिकवतात, बोर्ड पायाला दोरीने बांधलेला असतो. पण समुद्रात आत ओढून नेणारे प्रवाह असतात. आणि पडल्यावर लागू नये म्हणून वाळूचा तळ असलेल्या जागीच शिकवणी घ्या, खडकावर नको. शिकवणाऱ्याकडे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं प्रमाणपत्र आहे का आणि एकाच्या हाताखाली किती मुलं, हेही विचारा. चांगले लोक चिडत नाहीत.

मांजलपूरकर
घरी बोललो. आईला उडुपी म्हटल्यावर दुसरं काही ऐकायचंच नाही. मुलकी पक्कं. आज सकाळी दोन होमस्टेंना फोन केले. एक जण म्हणतो समुद्र दारात आहे, आंघोळीला बाहेर गोड्या पाण्याचा नळ आहे, बोर्ड अंगणात ठेवा. दुसरा थोडा आत आहे पण स्वयंपाकघर वापरू देतो. शिकवणी वेगळी लावतो, माझी आणि मुलीची. आता पटकन सांगा, उतरायचं कुठे आणि पहिला घेऊ की दुसरा?

खारा_वारा
पहिला. बाहेरचा नळ आणि बोर्डाला जागा, हे विचारूनही सहसा मिळत नाही. आईंच्या जेवणाचं त्याच्याशी आधीच बोलून घ्या.

वाडीतली
दुसरा. स्वयंपाकघर मिळतंय ते सोडू नका. किती आत आहे ते विचारलंत का? दहा मिनिटं चालत असेल तर काहीच नाही.

पाणीपक्षी
दोघांनाही आधी हे विचारा: घर नदीच्या कोणत्या बाजूला आहे? नदीच्या मुखाशी दक्षिणेकडे ससिहित्लूचा किनारा आहे. २०१६ ची इंडियन ओपन सर्फिंग स्पर्धा तिथे झाली होती. मुलकीचा सर्फ आश्रम उत्तरेकडे. पलीकडचा किनारा समोर दिसतो, पण रस्त्याने मोठा वळसा आहे. शिकवणी ज्या बाजूला, घर त्याच बाजूला घ्या. तुमची गाडी मुलकी स्टेशनला थांबत नसेल तर उडुपी किंवा सुरतकलला उतरा. आईंना आधी मठात न्यायचं असेल तर उडुपीच बरं, सामान घेऊन तिथूनच पुढे मुलकीला टॅक्सी करा.